क्लब कोणाच्या नावावर आहे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेल्समधील रेक्सहॅम या फुटबॉल क्लबाविषयी गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर बरेच छापून आले आहे. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकलहेनी या दोन अभिनेत्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये तो क्लब घेतला आणि २०२३, २०२४ व २०२५ अशा लागोपाठ तीन हंगामांत संघाला वरच्या श्रेणीत बढती मिळाली, ही हकीकत कोणालाही वाचाविशी वाटेल अशीच आहे. मात्र ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्यामुळे आपल्याकडील तरुण कार्यकर्त्यांचा असा समज होऊ लागला आहे, की लहान गावातला क्लब तगवायचा असेल तर एखादा धनवान गाठावा आणि बाकीचे त्याच्यावर सोडून द्यावे. नागपूर आणि कामठीच्या मैदानांवर हा समज हल्ली वारंवार कानी पडतो, म्हणून हे पत्र.

रेक्सहॅमच्याच कथेतला एक भाग बहुधा गाळला जातो. अभिनेते येण्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे तो क्लब समर्थकांच्या न्यासाच्या मालकीचा होता. २०११ च्या ऑगस्टमध्ये, स्पर्धेत खेळू दिले जाण्यासाठी ठेवाव्या लागणाऱ्या मोठ्या अनामत रकमेसाठी समर्थकांनी एका दिवसात पैसे उभे केले होते आणि २०२० मध्ये क्लब विकायचा की नाही, याचा निर्णयही न्यासाच्या सभासदांनी मतदान करूनच घेतला. म्हणजे विकायला क्लब शिल्लक होता, तो सभासदांमुळे. परंतु मला सांगायचे आहे ते रेक्सहॅमविषयी नव्हे, तर वेल्सच्याच दक्षिण किनाऱ्यावरील बॅरी या गावाच्या क्लबाविषयी, कारण त्याचा इतिहास आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे.

माझी सगळी नोकरी कोळसा खाणींत झाली, त्यामुळे बॅरीचे नाव मला फुटबॉलच्या आधी कोळशामुळे ठाऊक होते. १८८० च्या दशकाच्या आरंभी तेथे जेमतेम काही शेकडा वस्ती होती. ऱ्होंडा खोऱ्यातला कोळसा कार्डिफच्या गोदीतून परदेशी जात असे. तेथील गर्दी, खोळंबा आणि आकारणी यांना कंटाळलेल्या खाणमालकांनी, डेव्हिड डेव्हिस यांच्या पुढाकाराने, १८८४ मध्ये कायदा संमत करून घेऊन बॅरीला स्वतःची गोदी आणि स्वतःचा लोहमार्ग उभारला. गोदी १८८९ मध्ये सुरू झाली आणि १९१३ पर्यंत कोळशाच्या निर्यातीत बॅरीने कार्डिफलाही मागे टाकले. त्या एका वर्षात या बंदरातून सुमारे १ कोटी १० लाख टन कोळसा गेला. एका पिढीच्या आत खेड्याचे तीस हजारांवर लोकसंख्येचे शहर झाले. हमाल, रेल्वे कामगार, खलाशी, दुकानदार असे ठिकठिकाणाहून आलेले लोक तेथे वसले, आणि अशा नव्या वस्तीला आपले म्हणता येईल असे जे मोजके काही असते, त्यांत फुटबॉलचा क्लब येतो. बॅरीचा क्लब १९१२ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी जेनर पार्क हे त्याचे मैदान झाले, जे आजही आहे.

पुढची अनेक दशके हा क्लब इंग्लंडच्या सदर्न लीगमध्ये खेळत राहिला. १९५५ मध्ये इंग्लंडच्या चेस्टर संघाशी बरोबरी झाल्यानंतर फेरसामना ४-३ असा जिंकून त्याने वेल्श चषक मिळवला, तो त्या काळातला सर्वांत मोठा मान. बाकी चढउतार चालूच होते आणि ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

खरा पेच आला तो १९९२ मध्ये. वेल्सचा स्वतःचा राष्ट्रीय संघ १८७६ पासून आहे, पण त्याच्या बहुतेक नामवंत क्लबांचे सामने इंग्लंडच्या स्पर्धांत होत. स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा नसेल तर स्वतंत्र संघाचा हक्क तरी कसा मान्य करायचा, असा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर विचारला जाऊ लागल्यावर वेल्श फुटबॉल संघटनेने लीग ऑफ वेल्स ही राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि क्लबांना तीत येण्यास सांगितले. आठ क्लबांनी नकार दिला. त्यांत बॅरी होता. इंग्लंडच्या स्पर्धेत राहायचे असल्यास वेल्समध्ये घरचे सामने खेळता येणार नाहीत, असे ठरल्यामुळे बॅरीच्या संघाला एक हंगाम इंग्लंडमधील वुस्टर येथे, शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, काढावा लागला. नागपूरच्या एखाद्या संघाला घरचा प्रत्येक सामना अमरावतीला खेळायला लावावे, असाच हा प्रकार म्हणायचा. १९९३ मध्ये क्लब माघारी आला, खालच्या श्रेणीपासून खेळला आणि १९९४ च्या वेल्श चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने कार्डिफ सिटीला २-१ असे हरवले. संघटनेशी भांडून आणि मग जुळवून घेऊन एखादा क्लब इतक्या लवकर सावरल्याची उदाहरणे फार नाहीत.

यानंतरची दहा वर्षे वैभवाची. १९९६ ते २००३ या काळात बॅरीने राष्ट्रीय स्पर्धा सात वेळा जिंकली; मध्ये केवळ २००० चे विजेतेपद हुकले. या स्पर्धेत पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडू ठेवण्याचे पाऊल प्रथम बॅरीने उचलले. १९९६ च्या यूएफा चषकात लाटव्हियाच्या आणि हंगेरीच्या संघांना मागे टाकून तो स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनशी सामन्यापर्यंत पोहोचला आणि परतीच्या सामन्यात जेनर पार्कवर ३-३ अशी बरोबरी साधून बाहेर पडला. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोर्तुगालच्या पोर्तोने त्याला आपल्या मैदानावर ८-० असे चिरडले होते. आठवड्याने बॅरीने त्याच पोर्तोला घरी ३-१ असे हरवले. गोलफरकाच्या हिशेबाने या विजयाचा उपयोग शून्य होता, हे खरे. पण तोच पोर्तो तीन वर्षांत युरोपचा विजेता झाला आणि बॅरीच्या गल्लीत त्या संध्याकाळचे वर्णन आजही होत असेल, याविषयी मला शंका नाही.

मला या वैभवाच्या काळातच पुढच्या संकटाचे बीज दिसते. ज्या स्पर्धेत सामन्याला काही शेकडा प्रेक्षक येतात, तेथे पूर्णवेळ पगारी संघ पोसायचा म्हणजे युरोपातील सामन्यांच्या उत्पन्नावर आणि कोणाच्या तरी खिशावर विसंबणे आले. २००२ च्या अखेरीस इंग्लंडचा माजी खेळाडू जॉन फाशानू अध्यक्ष झाला आणि मोठमोठ्या योजनांची चर्चा झाली. प्रत्यक्षात २००३ मध्ये, म्हणजे विजेतेपद मिळाले त्याच वर्षी, क्लब कर्जात बुडून प्रशासकाच्या हाती गेला, पगारी खेळाडू निघून गेले आणि २००४ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला. काही काळ तर जेनर पार्कही सुटले.

यानंतरच्या मालकाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न व्यक्तीचा नाही, रचनेचा आहे. हळूहळू असे झाले, की संघ उभा करणे, प्रवासाचा आणि सामन्यांचा खर्च भागवणे, मुलांना मैदानावर आणणे हे सारे समर्थकांची समिती करू लागली, पण क्लब कागदावर एकट्या मालकाचाच राहिला. मे २०१३ मध्ये हंगामाचे दोन सामने शिल्लक असताना मालकाने क्लब स्पर्धेतून काढून घेतला. समितीने विरोध केला, खेळाडू खेळायला तयार होते, प्रशिक्षक गॅव्हिन चेस्टरफील्ड समितीच्या बाजूने होते, तरी कागदापुढे कोणाचे काही चालले नाही. समितीने नव्या नावाने खालच्या श्रेणीत प्रवेश मागितला, तेव्हा वेल्श संघटनेच्या परिषदेने अगदी थोड्या मतांच्या फरकाने तोही नाकारला. हौशी फुटबॉल खेळा, असा त्याचा अर्थ होता.

येथे पुष्कळ क्लब संपतात. बॅरीचे लोक न्यायालयात गेले. परिषदेने घेतलेला निर्णय कायद्याला धरून नाही, असा निकाल ऑगस्ट २०१३ मध्ये कार्डिफ येथे लागला आणि बॅरी टाउन युनायटेड या नावाने क्लबाला राष्ट्रीय स्पर्धेखालच्या वेल्श लीगच्या तिसऱ्या श्रेणीत घेण्यात आले. पुढच्या दोन्ही हंगामांत त्याने आपापली श्रेणी जिंकली, २०१७ मध्ये तो पुन्हा सर्वोच्च स्पर्धेत आला आणि २०१९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर राहून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत बेलफास्टच्या क्लिफ्टनव्हिलशी खेळला. घरी ०-० बरोबरी झाली, परतीचा सामना ०-४ असा गमावला. पुढे २०२२ मध्ये तो पुन्हा खाली गेला आणि एका हंगामात परत वर आला. त्या पडझडीने क्लबाच्या अस्तित्वाला काही धोका झाला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. संघ हरला तर खालच्या श्रेणीत जातो, एवढेच. कोणाच्या मर्जीने तो नाहीसा होत नाही.

बॅरी काही अपवाद नाही. मर्थर टिडफिल या दुसऱ्या कोळशाच्या गावाच्या क्लबाने १९८७ मध्ये इटलीच्या अटालांटा या संघाला २-१ असे हरवले होते. तोही २०१० मध्ये आर्थिक अडचणींत विसर्जित झाला आणि समर्थकांनीच तो नव्याने उभा केला.

आता आपल्याकडे पाहू. कामठीला छावणीच्या काळापासून फुटबॉलची परंपरा आहे आणि नागपुरात मोहल्ल्या-मोहल्ल्यांत पन्नास-साठ वर्षे जुने संघ सापडतात. त्यांतले कितीतरी एखाद्या आश्रयदात्याच्या जिवावर चालले, आणि त्या माणसांविषयी मला आदरच आहे. बूट आणि जर्सी त्यांनी स्वतःच्या पैशांतून आणली नसती तर अनेक पोरे मैदानावर आलीच नसती. पण बहुतेक ठिकाणी क्लबाच्या ढाली त्यांच्या दिवाणखान्यात, पावतीपुस्तक त्यांच्या कपाटात आणि सभासदांची यादी फक्त त्यांच्या डोक्यात असते. ते गेले, किंवा मुलांना या कामाची आवड नसली, की क्लब आपोआप बंद पडतो आणि त्याची बातमीही होत नाही. काही ठिकाणी संस्थेची नोंदणी आहे, पण कागदावरची कार्यकारिणी वीस वर्षांपूर्वीची, त्यांतले निम्मे हयात नाहीत आणि त्यानंतर बदल अर्ज, म्हणजे नव्या कार्यकारिणीची नोंद करून घेण्याचा अर्ज, कधी दाखलच झालेला नाही. असा क्लब उद्या मैदानाच्या भाडेपट्ट्यासाठी किंवा एखाद्या अन्यायाविरुद्ध दाद मागायला गेला, तर त्याच्या बाजूने उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे, हेच प्रथम सिद्ध करावे लागेल.

यासाठी नवा कायदा नको आहे. १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली सात-आठ माणसे एकत्र येऊन क्लबाची नोंदणी करू शकतात, आणि धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेब व प्रत्येक निवडणुकीनंतर बदल अर्ज दाखल करणे हे कंटाळवाणे असले तरी अवघड काम नाही. सभासदाला मत असावे, वर्गणी अगदी नाममात्र असली तरी पावतीवर घ्यावी, इतिवृत्त लिहावे, आणि देणगीदाराला अध्यक्षपदाचा मान द्यावा पण क्लब त्याच्या नावावर करू नये, एवढे पाळले तरी बरेच साधेल. मैदान बहुधा महापालिकेचे किंवा नागपूर सुधार प्रन्यासाचे असते; जेनर पार्कही स्थानिक परिषदेचेच आहे. तेव्हा सरावाच्या वेळेचा करार व्यक्तीच्या नावे न होता नोंदणीकृत संस्थेच्या नावे व्हावा, असा आग्रह क्लबांनी धरायला हवा.

जिल्हा फुटबॉल संघटनेनेही दरवर्षी संलग्नता देताना अद्ययावत कार्यकारिणीची आणि सभासदांची यादी मागावी, अशी माझी सूचना आहे. ती सुरुवातीला अनेकांना जाचक वाटेल आणि दोन-तीन जुन्या क्लबांची अडचणही होईल. त्यांना मुदत द्यावी, पण सूट देऊ नये.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. परदेशी क्लबांच्या बातम्या जरूर छापाव्यात, मात्र त्यासोबत नागपूर, कामठी, उमरेड आणि खापरखेडा या पट्ट्यातील जुन्या क्लबांचा इतिहास मिळवण्यासाठी एक साप्ताहिक सदर सुरू करावे आणि त्यात संघाने जिंकलेल्या ढालींबरोबर क्लब कधी स्थापन झाला, कोणी नोंदवला, आज त्याचे सभासद किती आणि त्याचे कागद कोणाकडे आहेत, हेही विचारावे. ज्यांनी हे संघ उभे केले, ते लोक आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यामुळे सदर पुढच्या हंगामाची वाट न पाहता लवकर सुरू झाल्यास बरे. उमरेड भागातील दोन क्लबांची जुनी पावतीपुस्तके आणि संघांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती आपल्या प्रतिनिधीला पाहण्यासाठी देण्यास मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त खाण कर्मचारी,
मानेवाडा, नागपूर