आर्ट्सच्या पोरांना गणित शिकवतोयस म्हणून

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला. इतिहास, राज्यशास्त्र आणि साहित्याच्या पोरांचा गणिताचा कंपल्सरी पेपर तुझ्या गळ्यात पडलाय आणि अर्धा वर्ग मान खाली घालून मोबाईलमध्ये असतो म्हणतोस. चॅटवर नीट सांगता येणार नाही म्हणून पत्रच लिहितोय.

पहिलं म्हणजे "पुढे उपयोगी पडेल" हे वर्गात बोलूच नकोस. शाळेपासून हेच ऐकून त्यांचे कान किटलेत, आणि खरं सांगू का, ज्याला उद्या वर्गसमीकरण लागणारच नाहीये त्याला ते लागेल म्हणून सांगणं बरोबरही नाही. तू आधी सूत्र आणि मग उदाहरण हा क्रमच मोड. त्यांच्याच विषयातला असा प्रश्न समोर टाक की त्यांना वाटलं पाहिजे उत्तर आपल्याला माहितीये, आणि मग ते अडकले पाहिजेत.

हे करून बघ. १९७३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी साधारण ४४ टक्के घेतले गेले आणि बायकांपैकी ३५ टक्के. एवढंच फळ्यावर लिही आणि गप्प बस. पोरं तावातावाने बोलायला लागतील, बोलू दे, भेदभाव झाला म्हणतील, म्हणू दे. मग सहा मोठ्या विभागांचा तक्ता दे. पहिल्याच विभागात ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के घेतलेत आणि १०८ बायकांपैकी ८२ टक्के! सहापैकी चार विभागांत बायकांचंच प्रमाण जास्त, आणि तरी सहाही विभागांची बेरीज केली की पुरुष पुढे. कसं काय? इथे वर्ग शांत होतो बघ, आणि ही शांतता घाईने भरून काढू नकोस, त्यांना स्वतः आकडे चाळू दे. कुणीतरी बोलेलच की दुसऱ्या विभागात ५६० पुरुष आहेत आणि बायका फक्त २५, म्हणजे जिथे प्रवेश सहज मिळत होता तिथे पुरुषांची गर्दी होती आणि बायकांचे बहुतेक अर्ज अवघड विभागांत होते. झालं, भारित सरासरी (ज्या गटात माणसं जास्त, त्याच्या टक्क्याला वजन जास्त) त्यांनीच शोधली, तू फक्त नाव सांगायचं. आणि मग बायकांनी तेच विभाग का निवडले हा प्रश्न उरतो तो आकडे सोडवत नाहीत, तो त्यांच्या विषयाचा आहे, तो त्यांच्याकडेच राहू दे. आपल्या विषयाला इथे जागा आहे हे कळलं की गणिताबद्दलचा राग बराच उतरतो.

राज्यशास्त्रवाल्यांसाठी मतदान घे. तीन मतदार, तीन उमेदवार: एकाची पसंती क, ख, ग, दुसऱ्याची ख, ग, क, तिसऱ्याची ग, क, ख. दोघादोघांची तुलना करायला सांग. क हा ख ला हरवतो, ख हा ग ला आणि ग परत क ला, म्हणजे बहुमत नेमकं कुणाला? फ्रेंच गणितज्ञ कॉन्दोर्सेनं हे १७८५ सालीच मांडलंय. साहित्याच्या पोरांना मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांचं १९६४ चं काम सांग, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखांतले १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे हा वाद त्यांनी 'अपॉन'सारखे बारीकसारीक शब्द मोजून मॅडिसनच्या बाजूने सोडवला.

आता भीतीचं. यातल्या बऱ्याच जणांना गणित आवडत नाही असं नसतं रे, चारचौघांत चुकल्याची लाज मनात घट्ट बसलेली असते. म्हणून कुणालाही एकदम फळ्यापाशी उभं करू नकोस, घड्याळ लावून टेस्ट तर अजिबात नको, कॅल्क्युलेटर खुशाल वापरू दे. पण सोपं करायच्या नादात गणित पातळ करू नकोस हां! सिद्धता द्यायचीच, पूर्ण द्यायची, आणि परीक्षेत त्यांना ती सलग वाक्यांत लिहायला सांग. मुद्दा मांडून तो शेवटपर्यंत नेणं हे ही पोरं रोज निबंधांत करतात, कदाचित आपल्या टेक्निकलवाल्यांपेक्षा चांगलं, फक्त तेच इथे चालतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बर्कलीचा पूर्ण तक्ता मेलवर पाठवतोय. पुढच्या तासाला तोच घे आणि कोण काय बोललं ते मला सविस्तर कळव, विशेषतः मागच्या बाकावरची पोरं काय म्हणाली ते.

तुझा,
मंदार