बालवाडीत गोष्ट करून बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह, वाशीचं भावे नाट्यगृह इथे स्नेहसंमेलनांची गर्दी होते. तीन-साडेतीन वर्षांची मुलं लाली-पावडर लावून कर्कश गाण्यावर हात हलवतात, विंगेतून बाई खुणा करत असतात. एखादं मूल भेदरून रडायला लागतं. हौस म्हणून एकवेळ ठीक. पण या वयाला नाटक ज्यासाठी हवं, ते वर्षभर वर्गात होतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी कळव्यात बालवाडी घेते. आमच्याकडे मुलं चिऊ-काऊची गोष्ट करून बघतात. पाठांतर नाही, पोशाख नाही. दोन खुर्च्यांवर ओढणी टाकली की मेणाचं घर तयार. काऊ बाहेर कुडकुडतो, "चिऊताई चिऊताई, दार उघड!" आतून उत्तर, "थांब, माझ्या बाळाला तीट लावते." मग अदलाबदल. एरवी सगळ्यांना ढकलून पुढे घुसणारी एक मुलगी एकदा काऊ झाली. दोन-तीनदा "थांब" ऐकल्यावर तिचा चेहराच उतरला. पुढच्या फेरीला ती चिऊ झाली आणि पहिल्याच हाकेला ओढणी बाजूला करून म्हणाली, "ये, आधी अंग पूस." बाकीची ओरडली, "बाई, हिने गोष्ट चुकवली!" मी चुकू दिली. मग बाळाची तीट आधी की भिजलेला काऊ आधी, यावर चार वर्षांची मुलं पोटतिडकीने भांडली. (डबा खायचा राहिला, तो नंतर खाल्ला.)

दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हे मुलाला साधारण चौथ्या वर्षाच्या सुमारास उमगू लागतं. "सॉरी म्हण" असं दटावलं की ते सॉरी म्हणतं, पण समोरच्याला काय वाटलं हे कळायला त्याच्या जागी उभं राहावं लागतं. एका गोष्टीने स्वभाव पालटत नाही. ती ढकलाढकली आजही अधूनमधून होते. म्हणूनच हे वर्षातून एकदा न होता नेहमी व्हायला हवं.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा असं सांगतं. तरी आमच्या प्रशिक्षणांत वेळ जातो तो नोंदी आणि तक्त्यांत. गोष्ट कशी उभी करायची, लाजाळू मुलाला झाड किंवा वारा करून कसं सामावून घ्यायचं, हे कुणी शिकवत नाही.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी बालवाडी शिक्षिका व अंगणवाडी सेविकांसाठी अशी शिबिरं येत्या जूनच्या आत घ्यावीत. एकांकिका स्पर्धा गाजवणारी कितीतरी तरुण मुलं इथे आहेत, त्यांना बोलवावं. आणि पालकांनी प्रवेश घेताना संमेलनाच्या फोटोंबरोबर हेही विचारावं, की वर्गात मुलं गोष्ट स्वतः करतात का?

आपली,
एक बालवाडी शिक्षिका, कळवा (ठाणे)