१८ तारीख घेतली आहे

परळ, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मी ऑपरेशनची १८ तारीख घेतली. फोनवर विचारलं असतं तर "कलमांची कामं आटपू दे, मग बघू" म्हणाला असतात आणि मी गप्प बसले असते. दादा तुमच्यासमोर 'गाठ' एवढंच म्हणाला. पण रिपोर्ट तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात, ते मी पाहिलं. कॅन्सर आहे, स्वादुपिंडाच्या डोक्याशी. पण लहान आहे आणि मागच्या मोठ्या शिरेपासून सुटा दिसतोय, म्हणजे काढता येण्यासारखा आहे. तो असा आहे तोवरच काढायचा.

गणपतीत तुम्ही मोदक बाजूला सारलात तेव्हाच मला कळायला हवं होतं. तीन आठवडे कावीळ म्हणून झाडपाला चालला, अंगाला खाज सुटून तुम्ही रात्र रात्र जागलात आणि मी इथून "उतरेल हो" म्हणत राहिले. ते मनातून जात नाही.

तिथे जवळपास का नाही, असं आई विचारेल. आई, या ऑपरेशनला सरावलेला हात लागतो. १९३५ साली न्यूयॉर्कच्या व्हिपल यांनी ते दोन टप्प्यांत केल्याचं लिहिलं, म्हणून अजून त्यांचंच नाव चालतं. पूर्वी यात बरीच माणसं दगावत. आता जिथे हे नेहमी होतं तिथे शंभरात पाचांहूनही कमी. इथले डॉक्टर दर आठवड्याला करतात. मी त्यांना तीनदा भेटले, एकच प्रश्न दोनदा विचारला तरी चिडले नाहीत. दादाला रोबोटने हवं होतं, मी पोट उघडूनच करा म्हटलं. गाठ सुटी दिसत असली तरी मागची ती मोठी शीर अगदी जवळ आहे, वेळ पडली तर तिचा तुकडा काढून पुन्हा जोडावा लागेल. तेव्हा हे डॉक्टर हाताने जास्त निश्चिंत असतात, असं ते स्वतःच म्हणाले.

मला वाटलं होतं नुसती गाठ काढतील. तसं नसतं. स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याचं पहिलं वळण एकाच रक्तवाहिन्यांवर जगतात, एक काढलं की दुसरं ठेवता येत नाही. त्यांच्याबरोबर पित्ताशय आणि पित्तनळीचं खालचं टोकही जातं. मग आतड्याचा पुढचा भाग वर ओढून त्याला तीन जोड देतात: आधी उरलेलं स्वादुपिंड, मग पित्तनळी, शेवटी जठर. पहिला जोड सगळ्यात अवघड. तिथला रस मांससुद्धा पचवतो, जोड पाझरला तर त्रास वाढतो. म्हणून शेजारी नळी ठेवून तिसऱ्या दिवशी तिच्यातलं पाणी तपासतात. मऊ स्वादुपिंडात टाका लोण्यात घातल्यासारखा सुटतो. तुमचं गाठीमुळे घट्ट झालंय आणि आतली नळी फुगून ६ मिलिमीटरची झालीय. टाक्याला तेच बरं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून मी बाहेर बाकावर बसून रडले, आनंदानेच.

बाबा, कोय कलम करताना पाचर खाचेत बसवून तुम्ही पट्टी गुंडाळायचात आणि पट्टीचं दुसरं टोक माझ्या दातांत असायचं. "हलू नको गो बाय, साल सालीला भिडू दे." मी श्वाससुद्धा धरून ठेवायचे. फार आवळलं तर गुदमरतं, सैल राहिलं तर धरत नाही, हे तुम्हीच सांगायचात. तुमच्या पोटात डॉक्टर तेच करणार आहेत.

अख्खं स्वादुपिंड काढत नाहीत, तसं केलं तर जन्मभर इन्सुलिन लागतं. तुमची शेपटाकडची बाजू राहणार आहे. तरी साखर अधूनमधून बघावी लागेल आणि पचनाची कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबरच घ्यायची. आई, हे तुझ्याकडे. एकदम ताटभर वाढायचं नाही, थोडं थोडं पाच-सहा वेळा. मऊ भात, मेतकूट, ताक चालेल, तळलेलं नको.

तुमच्यासाठी आतली खोली रिकामी केली आहे. कमोडला धरायला दांडी बसवली, खिडकीशी आरामखुर्ची आहे, तिथून रस्त्यावरचा पिंपळ दिसतो. आईचे देव कपाटावर मावतील, मी मोजलं आहे.

आता ऐका. तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र पाठवलंय, पण ते फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा. दोन चेंडू वर टिकेपर्यंत रोज, दर तासाला दहा वेळा. रोज अंगणातून फाटकापर्यंत चार फेऱ्या. आणि तंबाखू आजपासून बंद. डबी देव्हाऱ्यामागे आहे, आई, आजच काढ.

कलमांना पाणी बाळू घालेल, त्याच्याशी बोलले आहे. १५ला पहाटे दादा गाडी घेऊन येईल. पुढच्या सीटवर बसा, पाठीला आजीची उशी घ्या आणि घाटात डोळे मिटून राहा.

तुमची
बाय