घरदुरुस्तीचा राडारोडा : डम्पस्टर बॅग वापरण्याबाबत सूचना

सर्व सभासदांस,

घरात तोडफोडीचं काम काढणाऱ्यांनी राडारोडा जिन्याखाली किंवा कचऱ्याच्या डब्यांजवळ टाकू नये. त्यासाठी डम्पस्टर बॅग, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाड विणलेली मोठी पिशवी वापरावी.

पिशवी रिकामी असतानाच जागा नक्की करा. भरल्यावर ती हलत नाही. ओढायला गेलात तर तळ फाटेल. गाडी क्रेनने पट्टे धरून ती उचलते, त्यामुळे वर विजेच्या तारा किंवा फांद्या नकोत आणि गाडी जवळ यायला वाट मोकळी हवी. फाटकापुढे किंवा अग्निशमनाच्या नळापुढे पिशवी ठेवायची नाही, तासाभरासाठीही नाही.

खरी गफलत वजनात होते. विटा, फरशा, काँक्रीट यांचा 1 घनमीटर ढीग सहज टनाच्या वर जातो. पिशवीवर छापलेली वजनमर्यादा आधी वाचा. माल जड असेल तर पिशवी अर्धी दिसली तरी भरली असं समजा. उचलायचे पट्टे वर एकमेकांना पोचलेच पाहिजेत. प्लास्टर आणि जिप्सम पाणी पितात, वजन वाढतं, म्हणून रात्री ताडपत्री घाला. (कुणाचा तरी जुना कमोड गुपचूप आत येऊन पडणंही त्यामुळे थोडं कमी होतं.)

लाकडातले खिळे काढा किंवा ठोकून वाकवा. उरलेला रंग, थिनर, ट्यूबलाइट, बॅटऱ्या आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे यात अजिबात नकोत. धड दारं-खिडक्या आधीच बाजूला काढा, कुणाला तरी लागतात.

पिशवी कधी ठेवणार आणि कधी उचलली जाणार, ते समितीला आधी कळवावे.

– सचिव