आधी अंगाला हात, मग एमआरआय

महोदय,

छातीत किंवा पाठीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या हातात हल्ली जाडजूड फाईल असते. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, कधी एमआरआयसुद्धा झालेला. पण कपडे काढून पाठ कोणी पाहिली का, दोन्ही हातांचं बीपी घेतलं का, असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘नाही’ असंच येतं. वृत्तपत्रांतलं लिखाणही चाचण्यांच्या नावांभोवतीच फिरतं, म्हणून हाताने, कानाने आणि डोळ्यांनी करायच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहीत आहे. पाठ-कंबरेची बहुतेक दुखणी साधी असतात आणि काही आठवड्यांत उतरतात. त्यांच्यात लपलेली मोजकी घातक दुखणी वेगळी काढायची ती या तपासणीने. कोणती चाचणी, शरीराच्या कुठल्या भागाची आणि किती तातडीने, हेही तिच्यावरच ठरतं.

श्वासाचा वेग हा सगळ्यांत दुर्लक्षित आकडा. केसपेपरवर तो न मोजताच १८ किंवा २० लिहून टाकतात. खरा मोजायचा तर मनगटावर बोटं तशीच ठेवून, नाडीच बघतोय असं भासवत, मिनिटभर छातीकडे बघावं, कारण श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो बदलतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढात हा आकडा १२ ते २० असतो. तो २६ आहे, नाडी ११० आहे आणि फुप्फुसं मात्र ऐकायला स्वच्छ आहेत, असं असेल तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याची शंका घ्यायलाच हवी. लगेच पाय बघावेत. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंमी खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजावा. फरक ३ सेंमीहून जास्त निघाला तर शंका बळावते. नुसत्या नजरेला हा फरक हुलकावणी देतो.

बीपी दोन्ही हातांचं घ्यावं. महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्या भिंतीचा आतला थर फाटून रक्त भिंतीतच शिरलं तर एका हाताकडे जाणारी वाट दबते आणि त्या बाजूचं बीपी पडतं. वरच्या आकड्यात २० हून जास्त फरक, एका मनगटाची किंवा जांघेतली नाडी मंद आणि दुखणं मात्र क्षणात पराकोटीला पोचलेलं, खांद्याच्या फऱ्यांमध्ये फाडल्यासारखं, हे एकत्र दिसलं की तातडीने सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. याच वेळी रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडून थांबायला सांगून, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप ठेवावा. हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीनंतर फुंकर मारल्यासारखा मंद आवाज आला तर महारोहिणीची झडप गळते आहे. हा आजार हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून ही दोन मिनिटं सुईच्या आधीची. दोन ठिकाणी चूक होते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर बीपी खोटं चढं येतं. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी लांब हवी आणि दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला हवा. दुसरी चूक म्हणजे फरक नाही म्हणून निर्धास्त होणं. नाडीतला फरक या आजाराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांतच सापडतो.

छातीच्या बाकीच्या तपासणीला वेळ लागत नाही, फक्त कपडे बाजूला करावे लागतात. शर्टावरून ऐकलेली छाती न ऐकलेलीच धरावी. एका बाजूला श्वासाचा आवाज येत नाही आणि बोटाने ठोकल्यावर ती बाजू जास्तच पोकळ वाजते, तर फुप्फुसाबाहेर हवा साठली आहे. त्यातच श्वासनलिका दुसऱ्या बाजूला सरकली असेल आणि बीपी घसरत असेल तर एक्स-रेची वाट बघत बसू नये. आधी सुईने हवा बाहेर काढायची. जोराच्या उलटीनंतर छातीत कळ आली आणि मानेच्या कातडीखाली बोटाला करकर लागली, तर अन्ननलिका फाटलेली असू शकते. मानेच्या शिरा टरारलेल्या, बीपी कमी आणि हृदयाचे ठोके दबके असतील तर हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी किंवा रक्त साठलंय का ते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघावं. कधी याउलटही होतं: हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून झाल्यावर बरगडीच्या रेषेत नागिणीचे चार फोड दिसतात, शर्ट काढला असता तर ते आधीच दिसले असते.

एक गैरसमज मात्र डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही असतो. छाती दाबल्यावर दुखलं, म्हणजे दुखणं स्नायूचं. तसं असण्याची शक्यता वाढते हे खरं, पण तेवढ्यावर हार्ट अटॅक बाद होत नाही. अटॅकमध्ये हाताने केलेली तपासणी पूर्ण नॉर्मल असू शकते, म्हणून रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा आणि पहिला नॉर्मल आला तरी दुखत असेपर्यंत तो पुन्हा काढावा.

पाठदुखीत पोट तपासणं अनेकांना चमत्कारिक वाटतं. पण पासष्टी ओलांडलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला पहिल्यांदाच ‘मुतखड्याची कळ’ आली तर पोटातली महारोहिणी फुगून फुटायला आलेली असू शकते. रुग्णाला उताणं झोपवून, गुडघे दुमडून, बेंबीच्या किंचित वर दोन्ही तळवे ठेवावेत आणि ठोक्याच्या दोन कडा दोन तर्जन्यांनी शोधाव्यात. प्रत्येक ठोक्यागणिक बोटं एकमेकांपासून लांब ढकलली गेली तर तो फुगवटा. नुसती वर उचलली गेली तर वरची एखादी गाठ ठोका पुढे पोचवत असते. ५ सेंमीहून मोठा फुगवटा बहुतेक वेळा हाताला लागतो, ३-४ सेंमीचा निसटतो, ढेरपोट्या माणसात तर हमखास. शंका उरली तर सोनोग्राफी.

मग पाठ. उघडी, आणि उजेडात. मधल्या रेषेत एकेक मणका हलक्या मुठीने ठोकत खाली यावं. एकाच मणक्यावर माणूस दचकला तर फ्रॅक्चर, कॅन्सर किंवा जंतुसंसर्ग शोधावा लागतो. मणक्याच्या जंतुसंसर्गात जवळपास निम्म्या रुग्णांना ताप नसतो, त्यामुळे थर्मामीटरवर विसंबू नये. मणक्याच्या क्षयात तर कधी नुसता टोकदार उंचवटा दिसतो. आधी स्तनाचा, प्रोस्टेटचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर झालेला असेल आणि रात्री आडवं पडल्यावर दुखणं वाढत असेल, तर ‘वयोमानाने होतं’ हे उत्तर बाद.

सगळ्यांत महागात पडणारी चूक पायांच्या तपासणीत होते. पायातली ताकद कमी झालीय, चाल अडखळते, म्हणून कंबरेचा एमआरआय होतो. त्यात मणक्यांमधली चकती थोडी सरकलेली दिसते (दुखणं अजिबात नसलेल्या पन्नाशीच्या निम्म्याहून जास्त माणसांतही ती दिसते) आणि दोष तिच्यावर टाकून सगळे मोकळे होतात. प्रौढात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली फक्त नसा असतात, आणि नस दबली तर रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडणं) मंदावतो. गुडघ्याचा आणि घोट्याचा रिफ्लेक्स उसळून येत असेल, तळव्याच्या बाहेरच्या कडेने बोथट टोक ओढल्यावर अंगठा वर जात असेल, तर दाब रज्जूवर आहे, म्हणजे कंबरेच्या वर. अशा वेळी टाचणीने पायापासून वर टोचत यावं. छातीवर किंवा पोटावर जिथून टोचणं नीट जाणवू लागतं, ती पातळी लिहून ठेवावी आणि संपूर्ण मणक्याचा एमआरआय मागावा. चवड्यांवर आणि टाचांवर चालवून बघणं, अंगठा दाबून धरून वर उचलायला लावणं, यात मिनिटसुद्धा जात नाही.

राहिला तो संकोचाचा भाग. कंबरदुखीसोबत दोन्ही पायांत कळ, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, यांतलं काहीही असेल तर मूत्राशयाकडे आणि गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसा दबलेल्या असू शकतात, म्हणून गुदद्वाराभोवती टाचणीची संवेदना दोन्ही बाजूंनी तपासायलाच हवी. रुग्णाला कारण सांगावं, संमती घ्यावी, सोबत तिसरी व्यक्ती ठेवावी. बोटाने तिथली पकड बघतात, पण पकड चांगली लागली म्हणून धोका टळला असं नाही. तो अंदाज माणसागणिक बदलतो. त्याहून भरवशाचं म्हणजे लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली ते सोनोग्राफीवर मोजणं. २०० मिलीहून जास्त उरली असेल तर त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जनचा सल्ला. तपासणीत काहीच सापडलं नाही, तरी ही लक्षणं आणि ‘दिसताच, रात्री असो की सुट्टीला, परत या’ हे वाक्य तपासणीच्या वेळेसह रुग्णाच्या कागदावर लिहून द्यावं.

– एक फिजिशियन