तेल संपेल तेव्हा संपेल, पण आठवडाभर टँकर आला नाही तर?

मा. संपादक, नमस्कार,

खनिज तेलाचे, म्हणजे पेट्रोल-डिझेलचे भाव चढले की जो तो तेलावर बोलतो आणि उतरले की विषयच संपतो, म्हणून हे पत्र.

तेल नक्की कधी संपणार या वादात मला आता फारसा इंटरेस्ट नाही. हबर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगून ठेवलं होतं की अमेरिकेचं तेल उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठेल, आणि खरंच गाठलं, मग घसरलं. पण पुढे शेल नावाच्या खडकाच्या थरांतून तेल काढायला लागले आणि २०१८ मध्ये तो जुना उच्चांकही मोडला. म्हणजे माणूस बरोबरही ठरला आणि चुकलाही. असल्या तारखांवर भांडत बसलो तर आपल्या गल्लीतलं काहीच बदलत नाही.

आणि अडचण यायला तेल संपावंच लागतं असंही नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००० मध्ये इंधनावरच्या टॅक्सविरुद्ध ट्रकवाले आणि शेतकऱ्यांनी रिफायनऱ्या आणि डेपोंची वाट अडवली, तर काही दिवसांत बहुतेक पंप कोरडे, दुकानांत ब्रेड-दुधासाठी पळापळ, हॉस्पिटलांनी तातडीची नसलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली. जमिनीखाली तेल होतं तेवढंच होतं, फक्त टँकर निघाले नाहीत. कारण साधंच आहे, आजकाल गोदामात माल भरून ठेवणं म्हणजे पैसा अडकवणं असं सगळे मानतात, त्यामुळे जो साठा पूर्वी गोदामात असायचा तो आता रस्त्यावर ट्रकमध्ये फिरत असतो. ट्रक थांबला की साठाच संपला!

इलेक्ट्रिक गाडी घेतली की आपण सुटलो असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच विचारतो, रस्त्यावरचं डांबर कुठून येतं, टायर कशाचे असतात, सलाईनची नळी कशाची, लाईट गेल्यावर हॉस्पिटलचा जनरेटर कशावर चालतो? (मीही काही संत नाही, कोपऱ्यापर्यंत जायला पण गाडी काढतो.)

या विषयावर बोलताना क्यूबाचं उदाहरण हमखास निघतं. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळलं, तिथून येणारं स्वस्त तेल आटलं, ट्रॅक्टर उभे राहिले, मग हवानामध्ये रिकाम्या प्लॉटवर कंपोस्टचे वाफे करून भाजीपाला पिकवला, चीनहून दहा लाखांवर सायकली आणल्या, नांगराला परत बैल जुंपले. हे सगळं खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. पण हे सांगणारे पुढचं सांगत नाहीत, की १९९२-९३ मध्ये तिथे जवळपास ५०,००० लोकांना डोळ्यांचे आणि मज्जातंतूंचे विकार झाले आणि त्यात निकस आहाराचा मोठा वाटा होता. संकट दारात आल्यावर वाफे खणायला घेतले तर पीक हाताशी येईपर्यंत पोटाचं काय? बैल तरी एका रात्रीत तयार होतो का? त्यामुळे मला क्यूबाची गोष्ट आदर्श वाटत नाही, उशीर झाल्यावर काय होतं याची वाटते.

त्यापेक्षा आयर्लंडमधल्या किन्सेलचा मार्ग बरा. तिथे २००५ मध्ये रॉब हॉपकिन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन गावाने तेलाचा वापर हळूहळू कसा कमी करायचा याचा प्लॅन बनवला, आणि २००६ पासून इंग्लंडमधल्या टॉटनेसमध्ये त्याची चळवळ झाली. टॉटनेसवाल्यांनी फक्त गावात चालणाऱ्या स्वतःच्या नोटाही काढल्या, त्या २०१९ मध्ये बंद पडल्या कारण लोक रोख पैसेच कमी वापरायला लागले. नोटा-बिटा माझ्या मते हौसेचा भाग, सुरुवात तिथून करू नये.

सुरुवात पाण्यापासून करावी. आपल्या भागात पाणी कोणत्या पंपाने चढतं, तो बंद पडला तर हापसा किंवा विहीर कुठे आहे आणि ती वापरण्यासारखी आहे का, हे कितीजणांना माहितीय? मग पेशंट, म्हणजे घरी ऑक्सिजनवर कोण आहे, डायलिसिसला कोण जातं, गाडी नसेल तर त्यांना कोण आणि कशावरून नेणार. सायकलचं पंक्चर, शिवणकाम, सुतारकाम, मोटर वाइंडिंग कुणाला येतं हे एका वहीत लिहून ठेवायला काही खर्च येत नाही, आणि ही माणसं बहुतेक वयस्कर असतात त्यामुळे त्यांच्याकडून कुणीतरी शिकून घेणं पण आलंच. काहीजण कॅन भरून पेट्रोल घरात साठवतात, तो तर शुद्ध वेडेपणा, पंधरा दिवसांनी तेही संपणार आणि तोपर्यंत आग लागायची भीती वेगळी.

नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल देणं बंद केल्यामुळे रविवारी खासगी गाड्यांना बंदी घातली तेव्हा लोक हायवेवर चालत आणि सायकलवर फिरले. तसा एक रविवार आपणहून करून बघायला काय हरकत आहे, सुट्टी म्हणून नाही हं, काय काय अडतंय हे लिहून काढायला.

पुढच्या वेळी तुटवडा झाला की पंपावरच्या रांगेचा फोटो तुम्ही छापालच, त्याच्या शेजारी आपल्या पाण्याचा पंप कशावर चालतो याची चौकशी करणारी एक बातमी पण येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक