दारं खरंच उघडी ठेवतात का?

मनू,

फोनवर नीट बोलता आलं असतं तर हे लिहिलंच नसतं. पण तुमच्या त्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदला वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, मोबाईल एअरप्लेन मोडवर, तू वायर लावलेल्या लॅपटॉपवरून रविवारी बोलणार आणि तेव्हा आई शेजारीच बसलेली असणार. म्हणून मेल. तिला सांगू नकोस मी परत अस्वलाचं काढलं म्हणून.

आधी ते ग्रुपवरचं. "बाबा, वाचल्याशिवाय फॉरवर्ड करू नका" असं तू सगळ्यांसमोर लिहिलंस, सुधाकाकाने लगेच हसायचा इमोजी टाकला, त्याचा राग मला दोन दिवस होता. तुझा नाही, त्याचा. बरं, तुझाही थोडा. मोती तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांपैकी एकाने पाठवलं होतं ते, की पोलर बेअर सव्वा लाख वर्षांपूर्वीपण होते, तेव्हापण पृथ्वी तापली होती, काही होत नाही त्यांना. मला वाटलं चांगली बातमी आहे, तू तिथे आहेस, तुला आवडेल.

मग बसलो वाचत. रिटायर्ड माणसाला वेळच वेळ. त्या सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या अस्वलाचा जबडा तुझ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच सापडला ना गो? प्रिन्स कार्ल्स फोरलँड बेटावर, पूलेपिंटेनला, किनाऱ्याच्या कड्यात. 2004 साली, आइसलँडच्या ओलाफुर इंगोल्फसन यांना. एक डावा खालचा जबडा, वय 1,10,000 ते 1,30,000 वर्षं. आपल्याकडून म्हापशाला जावं तेवढ्यावर एवढी जुनी वस्तू आणि मी तुला विचारतोय स्वेटर घातलास का.

2004 म्हणजे तू पहिलीत. त्याच वर्षी तुझा खालचा दात पडला होता, आजी म्हणाली कौलांवर टाक, तू टाकला नाहीस, हिंगाच्या डबीत ठेवलास. "पुढे कोणाला सापडला तर?" म्हणालीस. आम्ही किती हसलो. डबी अजून देवघराखालच्या कपाटात आहे, काल उघडून बघितली, वास तसाच.

असो, मुद्दा राहिला. तुझं बरोबर होतं, फॉरवर्ड अर्धाच होता. तेव्हा आजच्यापेक्षा गरम होतं आणि अस्वलं तगली हे खरं, पण शास्त्रज्ञांचा अंदाज असा की स्वालबार्डसारख्या कोपऱ्यात थोडाफार बर्फ टिकला असेल आणि त्याच्या आधाराने ती राहिली असतील. आता तो आसऱ्याचा कोपराच सगळ्यात जोरात तापतोय. 1979 पासून आर्क्टिक बाकीच्या पृथ्वीच्या जवळपास चौपट वेगाने गरम झालंय म्हणतात. तेव्हाचं तापणं हजारो वर्षांचं, हे आमच्या पिढीतलं. मी नोकरीला लागलो तिथपासून मोजायचं. ते लिहिणाऱ्याने हे लिहिलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. चुकलं.

तू म्हणतेस अस्वलाला बर्फ राहायला नाही, शिकारीला लागतो, हे मला आत्ता कळलं. सील धरायला. मादी बिळात पिल्लं घालते, बहुतेक दोन, आणि महिनोन् महिने काही न खाता अंगावरच्या चरबीवर त्यांना पाजते. चरबी नसली तर पिल्लं जगत नाहीत. कॅनडातल्या वेस्टर्न हडसन बेला 2016 मध्ये 842 मोजली होती, 2021 मध्ये 618. जगात सगळी मिळून साधारण 26,000. म्हणजे साधारण आपल्या सावंतवाडीएवढीच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली बिचारी, आणि लगेच म्हणाली पण माझ्या मुलीच्या जवळ नको येऊ देत.

तेच गो. मी ठरवलं होतं हे लिहायचं नाही.

बर्फ नाही म्हणून तिथली अस्वलं जमिनीवर येतात, रेनडिअर मारतात, पक्ष्यांची अंडी खातात, हे मी वाचलंय. दोडामार्गला हत्ती काजूच्या बागेत येतात ते काय हौसेने येतात? भुकेलं जनावर वस्तीकडे वळतं. तुम्ही घरांची दारं लॉक करत नाही, कोणावर अस्वल आलं तर त्याला समोरच्या दारात पटकन शिरता यावं म्हणून, हे तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. आणि बाहेर जाताना रायफल. जत्रेत वीस रुपयांत एक फुगा न फोडता आलेली मुलगी तू, रडत घरी आलेलीस. नेमबाजीचं ट्रेनिंग झालं म्हणालीस, झालं असेल, पण एकटी वस्तीच्या बाहेर जायचं नाही. कोणी म्हणालं पाच मिनिटांचं काम आहे, तरी नाही. सेन्सर बंद पडला तर पडू दे, उद्या बघता येतो.

लेक्चर झालं. सॉरी.

हिमाद्री, आपलं भारताचं तिथलं संशोधन केंद्र, 2008 ला सुरू झालं तेव्हा तू पाचवीत होतीस, पेपरातलं कात्रण वहीत चिकटवलं होतंस. ते मीच कापून दिलं होतं. म्हणजे दोष माझाच. वास्कोच्या ध्रुवीय संशोधनाच्या ऑफिसात लागलीस तेव्हा मी पेढे वाटले, बस स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना पण. आजही कोणी विचारलं मुलगी काय करते, तर मी जरा थांबून सांगतो, मुद्दाम. पण हिवाळ्यातपण तिथे माणसं ठेवायची हे 2023 च्या डिसेंबरपासून सुरू झालं, ते तुझी टर्म संपल्यावर सुरू झालं असतं तर काय बिघडलं असतं? मोपा विमानतळाला जायच्या गाडीत बसेपर्यंत तू सांगितलं नाहीस की अंधाराचे महिनेपण राहणार आहेस. ऑक्टोबर संपता संपता सूर्य जाणार तो फेब्रुवारीतच येणार. त्यावरून मी जे बोललो, "एवढी अस्वलांची माया, घरच्यांची नाही", ते परत घेतो. आई तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते.

अंधारात पांढरं जनावर दिसतं का गो? टॉर्चचे सेल जास्तीचे घे.

मेतकूट नि कोकम पुढच्या माणसाबरोबर पाठवतोय, कस्टममध्ये चालतं का ते विचारून कळव. आणि त्या दारांचं खरं सांग, रात्री आतून तरी कडी लावता की नाही.

बाबा